'छोटा अटॅक' म्हणून निर्धास्त राहू नका

गेल्या वर्षी माझ्या काकांच्या छातीत दुखलं. ईसीजी जवळपास नॉर्मल. रक्ताच्या ट्रोपोनिन तपासणीत अटॅक निघाला. "छोटाच होता," म्हणत घरचे निर्धास्त झाले, मीही. चार महिन्यांनी काकांनी गोळ्या सोडल्या. दुसरा अटॅक आला, तेव्हा अवसरीहून मंचर गाठेपर्यंतही ते राहिले नाहीत.

मित्रांनो, रक्तवाहिनी पूर्ण बंद पडली तर ईसीजीत बहुधा लगेच दिसतं. पहिले काही तास जीवघेणे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी तातडीनं लागते. वाहिनी अर्धवट बंद असेल तर सुरुवातीला धोका कमी; पण वर्ष-दोन वर्षांचा हिशोब मांडला तर मृत्यू तितकेच, कधी जास्तही.

छातीत दुखलं की १०८ लावा. ईसीजी साधा आला तरी ट्रोपोनिनचं विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका.