डाव्या हाताचा आलेख

अकरावीला मी मानसशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा घरात कुणाला त्याचे फारसे काही वाटले नाही. गल्लीत मात्र फार वाटले. "मग सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" असे विचारणारे दिवसाला दोघे तरी भेटत. शेजारच्या काकूंनी तर सरळ तळहातच पुढे केला! खरे सांगायचे तर मी हा विषय घेतला तो आकडेमोड टळावी म्हणून. मनाचा अभ्यास करायला इतके तक्ते आणि आलेख काढावे लागतात, हे कुणी आधी सांगितले असते तर कदाचित आज हा लेख लिहायची वेळच आली नसती. असो.

पुस्तकातली माणसे मला आवडू लागली. १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढणारे वुंट, घंटा नि कुत्रा यांमुळे सर्वांना पाठ असणारे पावलॉव्ह. पण माझे आवडते एबिंगहाउस. अर्थ नसलेले शब्द स्वतःच तयार करायचे, स्वतःच पाठ करायचे आणि किती विसरलो ते स्वतःच मोजायचे, असा या गृहस्थांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. १८८५ साली त्यांनी तो ग्रंथरूपाने मांडला. मानसशास्त्रात प्रयोग करणारा तो प्रयोगकर्ता, आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो 'प्रयुक्त'. एबिंगहाउस दोन्ही होते. हा 'प्रयुक्त' शब्द मला तेव्हा फार भारदस्त वाटायचा.

त्याच वर्षी श्रावणात अण्णांच्या उजव्या अंगावरून वारे गेले.

माझे वडील पेंटर. बार्शीच्या भुसार पेठेतल्या कितीतरी दुकानांवरची अक्षरे त्यांच्या हातची. फ्लेक्स आल्यापासून कामे कमी झाली होती, तरी जुनी गिऱ्हाइके अडून बसत, "पाटी अण्णांकडूनच." वाचा महिन्याभरात बरीचशी परत आली. हात आला नाही. तो मांडीवर नुसता ठेवलेला असे, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

बारावीत मॅडमनी कपाटातून आरसा-रेखाटनाचे जुने उपकरण काढले. कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी छापलेली असते. हात आणि कागद पडद्याआड. दिसते ते फक्त आरशातले उलटे चित्र. त्यात पाहून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. वर न्यावी तर पेन्सिल खाली जाते, वर्ग हसतो, आपणही हसतो. पण पाच-सहा प्रयत्नांत हात वळणावर येतो. गंमत पुढेच आहे. आधी एकदा डाव्या हाताने काढायचे, मग दहा वेळा उजव्याने सराव करायचा, आणि पुन्हा डाव्याने काढायचे. डाव्याला काहीच शिकवलेले नसताना तो सुधारलेला असतो! उजव्याचे शिक्षण डाव्याकडे संक्रमित होते, असे मॅडमनी फळ्यावर लिहिले. मग त्यांनी ब्रेंडा मिल्नर यांच्या त्या रुग्णाची हकिकत सांगितली. १९५३ साली मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्यापासून त्याला नवे काही लक्षातच राहत नसे. आपण ही चांदणी पूर्वी काढली आहे हेही त्याला आठवत नव्हते. पण दिवसागणिक त्याची रेघ सुधारत होती. डोके विसरले, हात विसरला नाही.

वर्गात माझे लक्ष तिथेच संपले. तीस वर्षे उजव्या हाताने काढलेली अक्षरे डाव्यात कुठेतरी असतीलच की!

घरी येऊन अण्णांच्या डाव्या हातात ब्रश दिला. जुन्या पत्र्यावर खडूच्या दोऱ्याने दोन रेघा पाडल्या आणि म्हटले, "अण्णा, या दोन रेघांत 'श्री' काढा." पहिला 'श्री' काढायला चार मिनिटे लागली, नि तो रेघांबाहेर अकरा वेळा गेला. अण्णा म्हणाले, "पोरी, हा श्री नव्हे, हा खेकडा." पण पंधरा दिवसांत खेकड्याचे पाय कमी झाले. मी रोज वेळ लिहू लागले, चुका मोजू लागले. बारावीच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय कुणाला मिळणार?

विसाव्या दिवसानंतर आलेख आडवा झाला. वेळ कमी होईना, चुकाही कमी होईनात. पुस्तकात याला पठार म्हणतात. ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ साली तार घ्यायला शिकणाऱ्यांचे असे आलेख काढले होते: प्रगती होते, मग काही आठवडे जागीच थांबते, मग पुन्हा चढते. मी वाट पाहिली. दहा दिवस, पंधरा दिवस. मनात चिंता कसली होती, तर पठार संपण्याआधी प्रकल्प द्यायची तारीख येईल याची!

वही अण्णांच्या हाती लागली. पहिल्या पानावर माझ्या सुवाच्य अक्षरात होते, 'प्रयुक्त : पुरुष, वय ५२.'

"प्रयुक्त म्हणजे काय गं?"

"ज्याच्यावर प्रयोग करतात तो," मी म्हटले. दुसरी व्याख्या मला येत नव्हती.

ते काही बोलले नाहीत. दोन दिवस ब्रश टर्पेंटाईनच्या डब्यात तसाच उभा होता. आई माझ्याकडे पाहायची आणि भाकऱ्या जरा जोरात थापायची. मॅडमना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "त्यांना आधी विचारलं होतंस का?" प्रकल्पाच्या पहिल्याच तासाला त्यांनी संमतीविषयी सांगितले होते. मी ते वहीत उतरवूनही घेतले होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांपुढे आलेख ठेवला आणि सगळे सांगितले : चांदणी, तो रुग्ण, तारवाले, पठार. त्यांनी आडव्या रेघेवरून बराच वेळ बोट फिरवले.

"ही रेघ किती लांब असती?"

"त्या तारवाल्यांची काही आठवडे होती. तुमची मला माहीत नाही, अण्णा."

"बरं." त्यांनी पेन मागितले. पहिल्या पानावरचा 'प्रयुक्त' हा शब्द डाव्या हाताने खोडला आणि वर लिहिले, 'पेंटर'. वेलांट्या नव्हत्या त्यात, तरी पुरा मिनिटभर लागला. ती वेळ मी मोजली नव्हती, अंदाजाने सांगते.

प्रकल्प त्याच खाडाखोडीसह, अण्णांची संमती घेऊन दिला. मॅडमनी त्या पानावर लाल पेन लावले नाही. आलेखात दोन दिवसांची जागा मोकळी ठेवली होती. तिथे रेघ जोडून टाकायचा मोह झाला होता, हेही कबूल करते.

पठार संपले का? थोडे संपले. इनॅमल रंगाची पाटी अण्णांना अजून जमत नाही. पण पेठेतल्या एका आडत्याच्या दारातल्या फळ्यावर रोज सकाळी खडूने भाव लिहायला ते जातात. हरभरा, ज्वारी, गहू सरळ उतरतात. तूरडाळीतला 'ळ' मात्र अजून त्यांना छळतो.