डॉक्टर, बोलण्याचे पैसे घ्या

जळगाव-धुळ्याच्या फॅमिली डॉक्टरांस,



हे पत्र कुणा एका डॉक्टरला नाही. पिंप्राळ्यात, मेहरूणमध्ये, देवपुरात, धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांत, चोपडा-पारोळा-साक्रीच्या बाजारात संध्याकाळी दवाखान्याचं शटर वर करून बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे. कुणाच्या पाटीवर एमबीबीएस असतं, बऱ्याच जणांच्या बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. आम्ही ती अक्षरं वाचत नाही. कुणाच्या सासूची शुगर किती, कुणाच्या पोराला कोणती गोळी सोसत नाही, हे तुम्हाला केसपेपर न काढता आठवतं. तेवढ्यावर आमचा विश्वास बसलेला आहे.

तरी एक तक्रार आहे. तुम्ही जास्त पैसे घेता, अशी नाही. नको त्या गोष्टीचे घेता, अशी.

तपासून झालं की आम्ही उठतो, खिशात हात घालतो आणि विचारतो, "किती झाले?" तुम्ही पुढचा केसपेपर ओढत म्हणता, "दीडशे द्या." त्यात तपासणीचे किती, सुईचे किती, पुडीतल्या गोळ्यांचे किती, हे आम्ही विचारत नाही आणि तुम्ही सांगत नाही. मात्र ज्या दिवशी तुम्ही सुई देत नाही, गोळ्या देत नाही, नुसतं दहा मिनिटं बसवून समजावता, त्या दिवशी तुम्हालाच संकोच होतो. "राहू द्या, काही दिलं कुठं मी?" आमच्याकडे हा मोठेपणा समजला जातो, आणि तो आहेही. पण त्याचा हिशेब पुढच्या पेशंटच्या दंडात टोचला जातो.

मे महिना आठवा. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला, शेतातून आलेला माणूस बाकड्यावर आडवा. "भाऊ, आंगमा ताकतच नही, एक बाटली लाई द्या." उलट्या थांबत नसतील, ऊन लागून माणूस बरळत असेल, तर सलाईन हवंच, तिथे वाद नाही. पण जो चालत आलाय, पाणी पिऊ शकतोय, त्याला ती बाटली काय देते ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत मीठ साडेचार ग्रॅम. मध्यम आकाराच्या एका केळात सत्तावीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे ज्या जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जळगावात केळीच्याच बागेत घड वाहणारा मजूर एका केळाइतकी ताकद शिरेतून घ्यायला दिवसाची मजुरी मोजतो. तुम्ही त्याला सांगू शकता, "बाटली नको, ओआरएसची पुडी घे, दोन दिवस उन्हात जाऊ नकोस." सांगता येतं, पण त्याचे पैसे मागता येत नाहीत. बाटलीचे मागता येतात. आणि तुम्ही नाही लावली, तर तो शेजारच्या गल्लीत जाऊन लावून घेणार. दोष एकट्या तुमचा नाही. मागणी आमच्याकडूनच असते. पण सल्ल्याला भाव नसेल तर बाटलीच विकली जाणार, हे गणित साधं आहे.

कागदांचंही तेच. दवाखान्यात आजाऱ्यांइतकेच कागदवाले येतात. पोराला कॉलेजात प्रवेश, द्या फिटनेस. वय चाळीसच्या पुढे गेलं आणि लायसन्स काढायचं, किंवा ट्रक चालवायचाय, द्या आरटीओचा फॉर्म 1-ए. विमा कंपनीचा चार पानांचा क्लेम फॉर्म. एसटीतल्या भाच्याला आठ दिवसांचं सिक आणि नवव्या दिवशीचं फिट. कुणाकडून तुम्ही शंभर घेता, कुणाकडून पाचशे, ओळखीच्याकडून काहीच नाही. फॉर्म 1-ए वर सही करायची म्हणजे त्या माणसाची नजर, कान, हातपाय पाहायला हवेत. ते वीस मिनिटांचं काम आहे. त्याचे ठरलेले पैसे असते तर तुम्ही वीस मिनिटं दिली असती. "लिहून टाका ना साहेब" म्हणत चहाच्या पैशांत जो कागद मागितला जातो, तो न बघताच लिहिला जातो. खोट्या दाखल्याबद्दल डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढता येतं. तुमच्यातल्या एमबीबीएसवाल्यांच्या 2002 च्या आचारसंहितेत तसं स्वच्छ लिहिलं आहे. तरी सही होते, कारण नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर?

एक कागद मात्र असा आहे की ज्याचे पैसे घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. म्हातारा माणूस रात्री घरीच जातो. पहाटे मुलगा तुमच्या दाराशी उभा. अंत्यविधीच्या आधी मृत्यूच्या कारणाचा दाखला हवा असतो, घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना 4-ए. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं दहावं कलम सांगतं की शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने हा दाखला ताबडतोब आणि कोणतीही फी न घेता द्यायचा. मला हे कलम फार आवडतं. माणसाशी डॉक्टरचं जे नातं होतं, त्याचं शेवटचं काम विनामूल्य ठेवावं, असं कुणा सरकारी मसुदाकाराला तरी सुचलं. पण त्याच कलमात एक अटही आहे, ती गल्लीतले लोक विसरतात: उपचार तुम्ही केलेले असले पाहिजेत. ज्या म्हाताऱ्याला तुम्ही कधी पाहिलंच नाही, त्याचा दाखला "शेजारचे आहेत, द्या ना" म्हणून मागणं चूक आहे. पहाटे घरी येण्याची व्हिजिट फी हा आणखी निराळा विषय. ती घ्या. दाखल्याची घेऊ नका. आणि हा फरक आम्हाला दुःखाच्या वेळी नव्हे, आधीच कळलेला बरा.

बाकीच्या कागदांचं इंग्लंडात नेमकं उलटं आहे. तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे तपासणी सरकारी खर्चाने, फुकट. पण प्रवास रद्द झाला म्हणून विम्याचा फॉर्म हवा, ट्रक चालवायला तपासणी हवी, की तिथे खासगी फी लागते आणि तिचा तक्ता दवाखान्यात लावलेला असतो. किरकोळ आजाराच्या रजेला तर डॉक्टरचा कागद लागतच नाही. पहिले सात दिवस नोकरदाराने स्वतःच लिहून द्यायचं. एसटीतल्या भाच्याचा निम्मा ताप तिथेच उतरला असता.

आपल्याकडे सरकार येतं ते उशिरा, माणूस दाखल झाल्यावर. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने राज्यभर आहे. पण तिच्यात ऑपरेशन बसतं, तुमच्या बाकड्यावरचा ताप-खोकला बसत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले, तरी गर्दी तुमच्याकडेच. कारण सकाळची रांग म्हणजे बुडालेली मजुरी, आणि तुम्ही संध्याकाळी उघडे असता. राष्ट्रीय आरोग्य लेखांनुसार 2021-22 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून केला. त्यातले काही तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडतात. काही उधारीच्या वहीतही पडतात, कापूस गेला की देतो, या बोलीवर.

आता अवघड गोष्ट. सल्ल्याचे पैसे न घेणारा डॉक्टर जगतो कसा? गाळ्याचं भाडं, कंपाउंडरचा पगार, जैविक कचरा नेणाऱ्याचे पैसे, हे कुठून येतं? काहींचं सुईतून, काहींचं पुडीतून, आणि काहींचं नाशिकला किंवा संभाजीनगरला पाठवलेल्या पेशंटमागे येणाऱ्या पाकिटातून. सगळ्यांचं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी जग ज्यांना ओळखतं, त्यांना 2013 मध्ये एका तपासणी केंद्राने पेशंट पाठवल्याबद्दल 1200 रुपयांचा चेक धाडला. त्यांनी तो ठेवून घेतला नाही, वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. लासलगावला वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉ. अरुण गद्रे यांनी डॉ. अभय शुक्लांसोबत अशाच अस्वस्थ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या आणि 2016 साली त्यांचं पुस्तक आलं. 2017 मध्ये राज्य सरकारने या पाकिटांविरुद्ध, म्हणजे कट प्रॅक्टिसविरुद्ध, कायदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली, मसुदा झाला. तो मसुदाच राहिला. कायदा आला असता तरी माझ्या मते फार फरक पडला नसता. समोरून मिळणारी फी पुरेशी नसेल तर मागच्या दाराने येणारं पाकीट कुठल्या कलमाने थांबणार?

म्हणून सुचवतो ते एवढंच: दर लिहून लावा. यात माझी काही अक्कल नाही. एमबीबीएसवाल्यांच्या त्याच 2002 च्या आचारसंहितेत लिहिलं आहे की डॉक्टरने आपली फी आणि इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लावावेत. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांनी 2021 मध्ये दरपत्रकाची सक्ती खाटा असलेल्या रुग्णालयांवर केली; तुमचा दोन बाकड्यांचा दवाखाना त्यातून सुटला. पण तुमच्या भिंतीवर गणपती आहे, औषध कंपनीचं कॅलेंडर आहे, "उधारी मागून लाजवू नये" आहे. फलकापुरती जागा निघेल.

त्यावर सगळ्यात वर तपासणी आणि सल्ला लिहा, आणि तो आकडा मोठा ठेवा. आज घेता त्याच्या दुप्पट ठेवलात तरी चालेल. सुईचा आकडा तिच्या खर्चाइतकाच, सलाईनचाही तसाच. म्हणजे बाटली लावली काय, न लावली काय, तुमच्या ड्रॉवरला फरक पडणार नाही. मग लावायची की नाही हे फक्त पेशंटकडे बघून ठरेल. दाखल्यांचे दर लिहा, "तपासणी केल्याशिवाय दाखला मिळणार नाही" हेही लिहा. मृत्यूच्या दाखल्यासमोर "मोफत" लिहा. फोनवरचा सल्लाही लिहा. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो टाकून "डॉक्टर, बघा ना जरा" म्हणणारे आम्हीच. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी त्याची फी घ्यायची मुभा तुम्हाला दिली आहे, पावती द्यायलाही सांगितलं आहे. अजून तरी आमच्या गल्लीत कुणी ती घेतल्याचं ऐकिवात नाही.

तुम्ही म्हणाल, फलक लावला की लोक भाजीबाजारासारखी घासाघीस करतील, गरीब तुटतील. घासाघीस करणारे आजही करतात, फक्त दाराबाहेर जाऊन, तुमच्या नावाने. गरिबाचं म्हणाल, तर सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या बाईकडून तुम्ही आजही काही घेत नाही, उलट एसटीचे पैसे हातावर ठेवता. ते फलकावर लिहायचं कारण नाही. ते तसंच चालू द्या.

फलक मराठीत करा, अक्षर ठसठशीत ठेवा, आणि लावण्याआधी कंपाउंडरला नीट समजावून सांगा. पहिले काही दिवस लोक तुमच्याशी नाही, त्याच्याशीच भांडणार आहेत.

आपला,
बाकड्यावरचा एक पेशंट