भाजे लेणीतली छोटी घरे

रविवारची सुट्टी साधून आम्ही पिंपरीहून लोकलने मळवलीला निघालो. चाकणचे पाहुणे तळेगावला गाडीत चढले. भाजे गावातून पायऱ्या चढताना मुलांना वाटले, वर राजवाडाच असेल!

चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. खांब आत कललेले, छताला लाकडी कमानी. त्याआधी अशी घरे लाकडाची असत. कारागिरांनी तोच घाट दगडात उतरवला. शेजारी भिक्खूंच्या खोल्या, झोपायला दगडी ओटे. आई म्हणाली, "आपल्या खोलीपेक्षाही लहान की!"

तिकडे मंगोलियातले अनेक बौद्ध बांधवही गोल, एका खोलीच्या घरात राहतात. लाकडी जाळीच्या भिंती, वर मेंढीच्या लोकरीचे जाड आच्छादन. घर उकलायचे आणि कुरणामागे न्यायचे. त्याला ते 'गेर' म्हणतात.

म्हणजे लहान घर कमीपणाचे नाही. पण भिक्खूंनी ते आपणहून पत्करले होते; आपल्याला परवडते तेवढ्यात राहावे लागते. आणि भाजे खोदणारे पाण्याची टाकी खोदायला विसरले नव्हते. खोली दहा बाय दहाची असो, पाणी, उजेड आणि वारा हा आपला हक्कच आहे. वस्तीच्या बैठकीत तो ठामपणे मागूया. मुलांना एकदा भाजे दाखवाच!