अनंताची पिवळी पाने

आमच्या फ्रीगंजातील घराला अंगण नाही. जी काही बाग आहे ती गच्चीवर. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, शिवाय वजनाला भारी. म्हणून कुंड्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे बाजारातले कोकोपीट, भरले.

त्यातल्या एका कुंडीत पत्नीने लावलेला अनंत आहे. ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची पाने पिवळी पडू लागली. शेजाऱ्यांनी तत्परतेने निदाने केली: पाणी जास्त, ऊन जास्त, दृष्ट. अखेर खताचा सल्ला बहुमताने मंजूर झाला. मी मात्र पाने पाहत बसलो.

आधी कोणते पान पिवळे झाले, हा पहिला प्रश्न. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरते असतात. तुटवडा पडला की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. घरातली वडीलधारी माणसे करतात तसेच. म्हणून खालची पाने आधी पिवळतात: नत्र कमी असेल तर सबंध पान, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांमधला भाग. कॅल्शियम आणि लोह मात्र बसल्या जागेवरून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. कॅल्शियमअभावी ती वेडीवाकडी होतात, कडा करपतात. लोहाअभावी पान पिवळे आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी. अनंताच्या शेंड्याला हीच जाळी होती. उसावर ती दिसली की शेतकरी केवडा पडला म्हणतात.

काथ्याचीही एक खोड आहे. तो किनाऱ्यावरून सोडियम-पालाशाचे क्षार घेऊन येतो आणि ते सोडताना खतातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो. म्हणून तो आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून धुवावा लागतो. आमचा धुतलेला होता. मग लोह अडले कुठे?

सामू पाहण्याची पट्टी कूपनलिकेच्या पाण्यात बुडवली: ८. कुंडीतून झिरपलेल्या पाण्यात: ७.५. काथ्यात तो ५.५ ते ६.५ असावा. हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी १९०९ साली बसवलेल्या या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट अंतर. जड पाण्यातील बायकार्बोनेटमुळे सामू चढतो, आणि मग लोह कुंडीत असूनही विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही: तरतूद आहे, आहरण नाही.

नुसते हिराकस घातले असते तर तेही तसेच अडकून पडले असते. म्हणून बादलीत चिमूट चिमूट लिंबूफूल घालून पाण्याचा सामू सहाच्या आसपास आणला, थोडे चिलेटेड लोह दिले, आणि पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप ठेवले.

शेंड्याची नवी पाने आता गर्द हिरवी आहेत. शेजारी अजून विचारतात, खत कोणते घातले. तिकडे मोगऱ्याची खालची पाने पिवळी पडू लागली आहेत. ते प्रकरण वेगळे दिसते.