पेनिसिलिन चालत नाही

आमच्या मुलाच्या दवाखान्याच्या फाइलवर नावाखालीच लाल पेनानं ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली दोन ठसठशीत रेघा मारल्या होत्या. ती फाइल घेऊन आम्ही कुठंही गेलो, तरी डॉक्टरांची नजर आधी त्या रेघांवर जायची आणि मग मुलावर. गंमत अशी, की आमचं घर पेनिसिलिनवरच चाललेलं. सासरे पिंपरीच्या एच.ए.मध्ये, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, फर्मेंटेशन खात्यात होते. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभी राहिलेली ही सरकारी कंपनी. ज्या औषधाच्या पगारावर माझ्या नवऱ्याचं शिक्षण झालं, तेच औषध नातवाला चालत नाही, हे त्यांच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं. त्यात शास्त्र कमी आणि कारखान्याचा अभिमान जास्त, असं मला तेव्हा वाटायचं.

मुलगा अडीच वर्षांचा होता. सर्दी, ताप आणि मग रात्रभर कान धरून रडणं. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं सिरप लिहून दिलं. लहान मुलं असलेल्या घरांत हा प्रकार पाठ असतो. बाटलीत कोरडी पावडर, त्यात उकळून गार केलेलं पाणी बाणापर्यंत ओतायचं, खळखळून हलवायचं, फेस बसला की पुन्हा बाणापर्यंत पाणी भरायचं आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवसापासून त्याला पातळ शी होऊ लागली. ती या औषधानं अनेकांना होते, त्याचा ॲलर्जीशी संबंध नसतो. ताप उतरला, कान थांबला. पाचव्या दिवशी संध्याकाळी आंघोळ घालताना पोटावर लालसर ठिपके दिसले. रात्रीपर्यंत ते छातीवर, मानेवर, गालांवर पसरले. किंचित वर आलेले, बोटानं दाबलं की क्षणभर फिके पडणारे. पोरगं मात्र सोफ्याच्या हातावरून गाड्या पळवण्यात दंग. ना खाज, ना कुरकुर.

घरात तासाभरात तीन निदानं झाली. सासूबाई म्हणाल्या, पित्त उठलंय. त्यांनी आमसुलं भिजत घातली आणि त्याचा कोळ अंगाला लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या, गोवर असेल, बाहेर पडू दे, दाबू नका. नवऱ्यानं मोबाइलवर शोधून जी नावं वाचून दाखवली, ती ऐकून मी सरळ रिक्षा बोलावली.

रविवार होता. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले, त्यांच्या जागी दुसरे बसलेले. बाहेर खुर्च्या भरून काही जण जिन्यात उभे होते. त्यांनी शर्ट वर करून पोट बघितलं, घसा बघितला, छाती तपासली, काय औषध चालू आहे ते विचारलं, ते बंद करायला सांगितलं, खाजेचं एक सिरप दिलं आणि लाल पेन उचललं. त्यांना मी दोष देत नाही. औषध चालू असताना पुरळ आलं, तर ते थांबवणं हा शहाणपणाच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ते लिहायला दहा सेकंद लागली, पण पुढं कधीतरी ते पुन्हा उघडून बघायचं काम कुणाचंच नव्हतं. आणि जे लिहायला हवं होतं, ते लिहिलंच गेलं नाही. पुरळ कितव्या दिवशी आलं, खाजत होतं का, ओठ-डोळे सुजले का, ताप होता का, यातलं एक अक्षर फाइलवर नव्हतं. पुढच्या प्रत्येक डॉक्टरांसाठी सगळं त्या दोन शब्दांतच आटोपलेलं.

त्यानंतर घसा बसो की कान दुखो, अँटिबायोटिक लागलं की ॲझिथ्रोमायसिन. दिवसातून एकदा, मोजके दिवस, त्यामुळे आयांना ते सोयीचं वाटतं. पण ज्या घशाच्या दुखण्याला खरोखर अँटिबायोटिक लागतं, ते बहुतेकदा ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकॉकसमुळे होतं. त्या जंतूला पेनिसिलिनला दाद न देणं अजून जमलेलं नाही. ॲझिथ्रोमायसिनला मात्र तो काही ठिकाणी जुमानेनासा झाला आहे. हा घसा नीट बरा केला नाही, तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांवर बेतू शकतं. ते दुखणं आपल्याकडं अजून संपलेलं नाही. असे झडपांचे रुग्ण वर्षानुवर्षं दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचंच इंजेक्शन घेतात. सासऱ्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. जेवताना ते ऐकवायचे आणि मी पोळ्या वाढत ऐकून घ्यायची.

पाच वर्षांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला आणि रात्री उशिरा ॲडमिट करावं लागलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फाइल बघितली आणि अँपिसिलिन लिहिता लिहिता थांबल्या. “नक्की काय झालं होतं?” हा प्रश्न मला कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ. नशिबानं नवऱ्याच्या मोबाइलमध्ये त्या रात्रीचे फोटो होते. बाई ते मोठे करकरून बघत राहिल्या. तरी मध्यरात्री धोका कोण घेणार? सेफ्ट्रियाक्सोन द्यायचं ठरलं आणि आधी टेस्ट डोस. सिस्टरनं हाताच्या आतल्या बाजूला कातडीत बारीक सुईनं थेंबभर औषध सोडलं, मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा आला. त्याभोवती बॉलपेननं गोल काढला, शेजारी वेळ लिहिली. आम्ही सगळे त्या गोलाकडं डोळे लावून बसलो. काही झालं नाही. सलाइनमधून औषध सुरू झालं.

सकाळी राउंडला मोठे सर आले. तेही फोटोंवर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, हातावरचा फुगवटा झटपट येणाऱ्या रिॲक्शनबद्दल फार तर काही सांगेल, पाचव्या दिवशी उगवणाऱ्या पुरळाबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. औषध घेताच तासाभरात गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं, उलट्या होऊन मूल मलूल पडणं, ही एक जात. काही दिवसांनी शांतपणे येणारं ठिपक्यांचं पुरळ ही दुसरी. लहान मुलांत या दुसऱ्या प्रकारामागं पुष्कळदा विषाणूच असतो. मुळात ताप त्यानंच आणलेला असतो. अमॉक्सिसिलिन नुसतं त्या वेळी हजर असतं आणि नाव त्याच्यावर येतं. एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूचा ताप असताना हे औषध दिलं, तर अंगभर पुरळ येतं हे कित्येक वर्षांपासून माहीत आहे. ताप गेल्यावर तेच औषध त्याच माणसाला बहुधा चालतं.

मी विचारलं, सेफ्ट्रियाक्सोनही त्याच्याच नात्यातलं ना, मग ते कसं दिलंत? सर म्हणाले, जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की पेनिसिलिन न चालणाऱ्या शंभरातल्या दहांना सेफ्ट्रियाक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिनंही चालत नाहीत. आता हा आकडा दोनच्या आसपास मानतात. रेणूला जोडलेली बाजूची साखळी सारखी असेल तरच जास्त जपायचं. आणि जुना आकडा फुगण्याचं एक कारण असं, की सुरुवातीच्या काळातल्या सेफॅलोस्पोरिनांत पेनिसिलिनचा अंश राहून जायचा. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले सासरे इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “म्हणजे टाक्या धुतल्या नव्हत्या.” सर मोठ्यानं हसले.

मुलगा बरा होऊन घरी आला आणि पुरता खडखडीत झाल्यावर सरांच्या सांगण्यावरून आम्ही लहान मुलांच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासणीपेक्षा चौकशीच जास्त केली. अंगावर फोड आले होते का, कातडी सोलली का, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या का, सांधे सुजले का? यातलं एकालाही ‘हो’ असतं, तर त्यांनी औषध पुन्हा देऊन बघायचं नावही काढलं नसतं. दम लागला असता किंवा ओठ सुजले असते, तर वाट वेगळी आणि लांबची होती. नुसत्या पुरळाला मात्र एक सोपी परीक्षा असते. तेच औषध, दवाखान्यात, डोळ्यांसमोर, तोंडावाटे द्यायचं. 2016 साली माँट्रियलच्या बालरुग्णालयातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमॉक्सिसिलिननं पुरळ आल्याचा इतिहास असलेल्या 818 मुलांना त्यात असं औषध दिलं होतं. 94 टक्के मुलांना काहीही झालं नाही. ज्यांना झालं, त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा किरकोळ पुरळच आलं.

आकडे वाचून धीर येतो, पण सही करताना हात थबकतोच. त्या सकाळी ट्रेमध्ये ॲड्रेनलिन तयार होतं. वजनाच्या दर किलोला 0.01 मिलिग्रॅम हा हिशेब. आमचं बाळ अठरा किलोंचं, म्हणून सिस्टरनं कागदावर ठळक लिहून ठेवलं, 0.18 मिली, मांडीत. आधी डोसचा दहावा हिस्सा दिला. मग थांबलो. मग उरलेला सगळा. तोच पांढरट, गोडसर वास. अडीच वर्षांचा असताना तो थुंकायचा, या वेळी ओठ चाटून “अजून” म्हणाला. दर थोड्या वेळानं नाडी, छाती, अंग बघणं चालू होतं. मध्येच दंडावर एक लाल टिकली दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. सिस्टरनं वाकून बघितलं आणि म्हणाली, “ताई, डास आहे हो तो.” दुपारी आम्हाला घरी सोडलं. पुढचे काही दिवस अंगावर लक्ष ठेवायचं आणि काही दिसलं तर उजेडात फोटो काढून लगेच कळवायचं, एवढंच बजावलं होतं. काहीही दिसलं नाही.

सासरे “सांगत नव्हतो मी?” असं म्हणाले नाहीत. नुसते हसले, ते जास्त लागलं. सासूबाईंना अजूनही पटलेलं नाही. त्यांच्या मते तेव्हा पित्तच होतं आणि ते आमसुलानंच गेलं.

पण लेबल पुसणं हे परीक्षेपेक्षा अवघड निघालं. शाळेच्या हेल्थ कार्डवर ते होतं. मुलाला ॲडमिट केलेल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरही होतं आणि तिथल्या खिडकीवरच्या मुलीला तो रकाना भरता येत होता, रिकामा करता येत नव्हता. शेवटी तिनं त्यातच ‘तपासली, नाही’ असं टाइप केलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ॲलर्जीतज्ज्ञांचं पत्र वाचलं, फाइलवरच्या त्या लाल शब्दांवर आडवी काट मारली, शेजारी तारीख घातली आणि सही केली. पुढच्या हिवाळ्यात घसा धरला तेव्हा त्यांनी साधं अमॉक्सिसिलिन दिलं, दहा दिवस. ते स्वस्तही पडलं.

हे वाचून कुणी घरच्या घरी चमचाभर औषध देऊन बघू नये. हा प्रयोग दवाखान्याचाच आहे आणि तोही सगळ्यांसाठी नाही. पण औषध चालू असताना मुलाच्या अंगावर काही उठलं, तर दिवसाच्या उजेडात फोटो काढा, बाटलीचाही काढा, कितव्या दिवशी आणि डोसनंतर किती वेळानं ते उठलं हे लिहून ठेवा. आणि तुमच्या मुलाच्या फाइलवर असे दोन शब्द आधीच असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, हे कशावरून लिहिलं आणि तपासून घेता येईल का?