भरतीची वेळ आणि समेची जागा

प्रकाशचित्रकाराला प्रवासातून स्फूर्ती मिळते असे म्हणताना लांबचा पल्ला आणि नवी दृश्ये एवढेच बहुधा मनात असते. परंतु प्रवासातून हाती लागणारी अधिक मोलाची गोष्ट म्हणजे त्या त्या स्थळाची स्वतःची लय ओळखण्याची सवय होय, आणि ती लावून घेण्यास नवी मुंबईचा खाडीकाठ पुरेसा आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत येथे रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे मुक्कामाला असतात. ठाणे खाडीतील त्यांच्या अधिवासाला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तर २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, झाला. हे पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर चरतात आणि भरतीने तो चिखल झाकला की नेरूळ-सीवूड्स भागातील डीपीएस, एनआरआय व चाणक्य या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पाणथळींवर विसाव्याला येतात. त्यामुळे केवळ सूर्योदयाची वेळ पाहून निघालेल्या माणसाला तेथे नुसते पाणीच दिसण्याचा संभव असतो.

कोकणपट्टीतील कोळ्यांचा हिशेब येथे कामी येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा वाजता. अष्टमीच्या सुमारास मात्र भांगाची, म्हणजे बेताच्या पाण्याची, भरती असते, तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर असले तरी ते भर दुपारी चढते आणि तेव्हाच्या डोक्यावरच्या उन्हात पिसांचा गुलाबी रंग फिका पडतो. द्वादशीची सकाळ पुरेसे पाणी आणि सौम्य ऊन या दोहोंचा मेळ घालते: नवाच्या सुमारास पाणी भरते, त्याआधी पक्षी येऊ लागतात आणि ऊन अजून तिरपे असते. पंचांग पाहून कॅमेरा उचलणे ही अंधश्रद्धा नसून या कलेतील अत्यंत व्यवहारी शहाणपण आहे.

नेमक्या क्षणाच्या अशा प्रतीक्षेचे खरे शिक्षण मात्र शास्त्रीय गायनाच्या मैफलीत मिळते. विलंबित एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या संथ आवर्तनात, गायक आलापाची बढत करत समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, येऊ लागतो, तेव्हा त्याचा हात हळूहळू वर जातो, बोटे उमलू लागतात, नजर क्षणभर तबलजीकडे वळते आणि मुखडा घेताच सगळे अंग समेवर विसावते. सम ऐकून बटण दाबणाऱ्याच्या हाती समेनंतरचा सैलावलेला चेहरा लागतो. ज्याच्या कानात ठेका मुरलेला असतो, त्याचे बोट मात्र समेच्या किंचित आधीच हलते. पुण्याचे प्रकाशचित्रकार सतीश पाकणीकर यांनी टिपलेल्या शास्त्रीय संगीतातील कलावंतांच्या भावमुद्रा पाहताना हे जाणवते की त्यामागे डोळ्याइतकाच कानही आहे. मैफलीत फ्लॅश वापरू नये, हा संकेत केवळ शिष्टाचाराचा नाही. झगमगाटाने गायकाची तंद्री मोडली तर टिपण्याजोगे काही शिल्लकच राहत नाही.

संगीताची प्रकाशचित्रे मोठ्या मंचावरही घेता येतात: नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१९ साली यू टू आणि २०२५ साली कोल्डप्ले या वाद्यवृंदांचे भव्य कार्यक्रम झाले. अशा कार्यक्रमांत प्रकाशयोजना बव्हंशी आधीच बांधलेली असल्याने रंग आणि गर्दी यांची विलक्षण दृश्ये मिळतात. परंतु पुढची जागा गायकालाच ऐनवेळी सुचत असताना ती ओळखण्याची जी सवय वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या बेताच्या सभागृहात लागते, तिची सर त्या दृश्यांना नाही.

ही सवय खाडीवर थेट उपयोगी पडते. थवा उडण्यापूर्वी पक्ष्यांच्या माना एका दिशेला वळतात, चाल वाढते, काही पक्षी पाण्यावरून धावू लागतात आणि मगच पंख उघडून आतला लाल-काळा रंग दिसतो. समेची चाहूल घेण्यास सरावलेल्या माणसाला हा क्रम परका वाटत नाही. म्हणूनच २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावाकडे येणारे भरतीचे पाणी अडून तळे कोरडे पडले, ती हानी जशी पक्ष्यांची तशीच कलेचीही होती, कारण भरतीचे पाणी जेथे पोहोचत नाही तेथे तिथीचा हिशेब निरर्थक ठरतो. या काठावर नेमाने जाणाऱ्या प्रकाशचित्रकारांनी गुलाबी थव्यांबरोबरच पाणी आत येण्याच्या वाटा, बुजलेली तोंडे आणि तडकलेला गाळ यांचीही प्रकाशचित्रे दिनांक व तिथीसह जपून ठेवावीत. पाणथळ वाचवण्याच्या प्रयत्नात तीच पुरावा म्हणून पुढे करता येतात.