शेणगोठा

आमच्या ऑफिसात तळमजल्यावर एक विभाग होता. निवृत्तीला टेकलेले, बायपास झालेले, साहेबांशी भांडलेले, सगळे तिथे. त्याला पांजरपोळ म्हणत. शेवटची चार वर्षं मीही तिथेच काढली, त्यामुळे त्या शब्दाचा राग येणं कधीच थांबलं होतं. खऱ्या पांजरपोळात मात्र निवृत्तीनंतर गेले. शहराबाहेर आहे एक. आता दर रविवारी जाते.

आईला सांगितलं तेव्हा ती चहा गाळत होती.

"काय करतीस तिथं?"

"शेण काढते."

पातेलं खाली ठेवून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "शेणातनं सुटावी म्हणून तुला शिकवली. आन् तू पेट्रोल जाळून शेण काढाया जातीस?"

यावर काय बोलणार? माहेरी आणि सासरी मिळून पन्नासएक वर्षं तिचा दिवस शेणगोठ्यानेच उजाडला. आमच्या घरात बैल पुरुषांचे होते. खांदेमळणीला हळद-लोणी तेच लावायचे, पोळ्याला शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, सगळं त्यांचं. शेण तेवढं बायकांचं. बैलाच्या मायेवर पुरुषांनी पुष्कळ लिहिलंय. पहाटे चारला गारठलेल्या बोटांनी पाटी भरणाऱ्या बाईला बैलाविषयी काय वाटायचं, ते कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पिशवीभर पोळ्या घेऊन गेले होते. चांगल्या तूप लावलेल्या. गोठ्यावरच्या मामांनी पिशवीत डोकावून ती माझ्या हातात परत दिली. "ताई, गाडीत ठेवा ही." अमावास्येला तिथे गाड्यांची रांग लागते, पोळ्या, गूळ, भात, लग्नातलं उरलेलं. गुराचं पोट कडब्या-गवतासाठी घडलेलं. चार कप्प्यांतला सगळ्यांत मोठा कप्पा म्हणजे चारा आंबवायचं पिंपच. त्यात पीठ, भात एकदम जास्त पडला की सगळं आंबट होतं, जनावर खाली बसतं आणि कधीकधी उठतच नाही. पुण्याच्या पोळ्या खाऊन गेलेली गाय मामांनी पाहिलेली आहे. मग त्यांनी मला फावडं आणि घमेलं दिलं.

गुरांना गोंजारण्याची माझी हौस तिथेच मिटली. तिथल्या दिवसात गोंजारायला मिळतात पाचेक मिनिटं. बाकी शेण, पाणी, कुट्टी, गव्हाणी झाडणं, गोचिड्या. पण शेण काढता काढता ते वाचता येऊ लागतं, हे मला माहीत नव्हतं. पातळ आहे का, गोळे पडलेत का, चकाकतंय का, दाणे तसेच आलेत का. मामा कधीकधी फावड्यावर शेण घेऊन डॉक्टरांकडे जातात, अगदी प्रसादाचं ताट न्यावं तसे. एकदा त्यात दुधाच्या पिशवीचा निळा तुकडा निघाला. गाय जिभेने घास ओढून घेते, निवडत बसत नाही. आपण उष्टं पिशवीत बांधून फेकतो ते पिशवीसकट जातं. पोट चिरून किलोंनी प्लास्टिक काढावं लागतं, तेही वेळेत कळलं तर.

पांजरपोळ ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत भुलेश्वरला आहे तो १८३४ सालचा. त्याच्या मुळाशी गाय नसून कुत्री आहेत, हे मला फार आवडतं. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा १८३२ मध्ये पारशी मंडळींनी शहर बंद पाडलं, दंगल झाली. पुढे दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी मोकाट जनावरांसाठी ही जागा उभी केली. आजही त्या गर्दीच्या गल्लीत आत वळलं की गाईंचा वास येतो.

आमच्याकडे गेल्या माघात एक खिल्लार बैल आला. उसाच्या गाडीला जुंपलेला होता, उतारावर पाय घसरून पडला. खांदा सोललेला, खूर झिजलेले, कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला. मागचा भाग गेल्यासारखा. घोडा उठताना पुढचे पाय आधी टेकतो, गुरं मागचे आधी उचलतात. म्हणजे मागचंच गेलं की बैलाला उठायची सुरुवातच करता येत नाही. तो पुढच्या गुडघ्यांवर जोर देई, मान ताणे, आणि परत बसे.

त्या रात्री आईचा फोन आला. तिचा फोन सहसा तब्येतीच्या तक्रारीसाठी असतो.

"सपाट पडू देऊ नका. छातीवर बसवा, दोन्हीकडून पोत्यांचा टेका द्या. आडवं पडलं की फुगतं."

"देतोय आई."

"कूस बदलता का?"

"दर चार तासांनी."

"डाव्या कुशीत मूठ रोवून बघ. आत गुडगुड आली की पोट चालतंय म्हणायचं."

पुढच्या रविवारी मी मूठ रोवून बसले. मिनिट गेलं असेल. मग आतून, खूप खोलवरून, काहीतरी सावकाश उचललं गेलं आणि माझ्या मुठीला ढकलून परत गेलं. दूर कुठे जातं ओढल्यासारखं. आई हे सगळं मला चाळीस वर्षांपूर्वीही सांगू शकली असती. मी तेव्हा इंग्रजीचे धडे पाठ करत होते, तिच्याच सांगण्यावरून.

त्या बैलाच्या मालकाला आमच्यातल्या काहींनी फार शिव्या दिल्या. मला देववल्या नाहीत. तो स्वतः टेम्पो करून बैल सोडायला आला होता, आणि जाताना त्याने कासरा सोडून घेतला, तो हातात गुंडाळत बराच वेळ फाटकाशी उभा होता. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. कायद्याच्या बाजूने बोलणारे खूप भेटतात. काम न करणाऱ्या बैलाची वैरण कुणी द्यायची, या प्रश्नावर तेच लोक घड्याळ पाहतात. दुष्काळी साली कडबा आणि घरातलं धान्य यांत निवड करायची वेळ शेतकऱ्यावर येते, माझ्यावर नाही. मी फक्त रविवारी जाते.

बैल उठला तो एका मंगळवारी. आम्हा हौशींपैकी कुणी नव्हतं. मामांनी पाणी ठेवलं, वळले, मागे पाहतात तर उभा. थरथरत, पण चार पायांवर. मी पोचले तेव्हा माझ्याकडे पाठ करून कडबा खात होता. मूठ रोवायला गेले तर शेपूट मारली. आईला कळवलं. ती म्हणाली, "खातोय ना? मग बास." आणि लगेच गुडघेदुखीवर आली.

अजून तो थोडा ओढत चालतो. कुणाला यायचं असेल तर पोळ्या आणू नका. जुनी गोणपाटं आणा, ती कायम कमी पडतात. आणि सकाळी सातच्या आत या. ऊन चढलं की शेण फरशीला धरतं, मग खरवडावं लागतं.